पुस्तक आधी की पिक्चर? आमच्या वाचनकट्ट्यावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दादरला दर शनिवारी संध्याकाळी आमचा कट्टा भरतो. एका सोसायटीचा तळमजल्यावरचा हॉल, आठवी ते बारावीतली पंधरावीस पोरं, आणि पंखा लावला तर ऐकू येत नाही, बंद केला तर बसवत नाही, अशी परिस्थिती. महिन्याला एक कादंबरी वाचायची आणि तिच्यावर पिक्चर निघाला असेल तर शेवटच्या शनिवारी तो बघायचा, एवढाच नियम. पोरं, त्यांचे आईबाबा आणि अधूनमधून डोकावणारे शेजारचे काका तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. जिथे शेवट फुटतो तिथे आधी सांगितलंय.

पुस्तक आधी वाचायचं की पिक्चर आधी बघायचा?

पुस्तक आधी. तसं केल्याने पुण्य लागतं म्हणून नव्हे, चेहऱ्यामुळे. 'शाळा' हा सिनेमा एकदा बघितलात की कादंबरीतल्या मुकुंद जोशीला कायमचा एक चेहरा चिकटतो आणि तो नंतर निघत नाही. नुसतं वाचणाऱ्या प्रत्येकाचा जोशी वेगळा असतो. आमच्याकडे एकाचा जोशी चष्मिस आहे, एकीचा हुबेहूब तिच्या धाकट्या मामासारखा. ही मजा एकदाच मिळते, ती आपल्या हाताने कशाला घालवायची?

पुस्तकाची जाडी बघूनच कुणाला घाम फुटत असेल तर मात्र आधी खुशाल पिक्चर बघा. 'हॅरी पॉटर अँड द ऑर्डर ऑफ द फिनिक्स' हातात घेऊन मागे ठेवणारी तीन पोरं मला माहीत आहेत. तिघांनीही आधी पिक्चर बघितला आणि मग, 'एवढंच कसं?' म्हणत पुस्तक उचललं.

ताई, शेवटी भारी काय, पुस्तक की पिक्चर?

हा प्रश्न कट्ट्यावर बंद आहे. त्याच्यावर फक्त भांडण होतं, बोलणं होत नाही. आम्ही त्याऐवजी विचारतो, पुस्तकातल्या 'मी'चं पडद्यावर काय झालं?

या वयाच्या कादंबऱ्या बहुतेक 'मी'च्या तोंडून येतात. चौदा-पंधरा वर्षांचं कुणीतरी आपल्याशी बोलत असतं. त्याला अर्धं कळलेलं असतं, उरलेलं कळल्याचा तो आव आणतो, आणि त्या दोन्हींच्या मधल्या फटीतून आपल्याला गोष्ट दिसते. कॅमेऱ्याला 'मी' म्हणता येत नाही. तो पोराच्या डोक्यात शिरू शकत नाही, त्याच्याकडे बाहेरून बघतो. मग दिग्दर्शकाला त्या आवाजाच्या जागी दुसरं काहीतरी शोधावं लागतं. ते सापडलं की नाही, यावर आमचं सगळं बोलणं.

सूझन कॉलिन्स यांच्या 'द हंगर गेम्स'मधला (२००८) एक प्रसंग घ्या. सरकार पोरांना रिंगणात सोडून एकमेकांना मारायला लावतं आणि ते टीव्हीवर दाखवतं, अशी ती गोष्ट. कॅटनिस आणि जखमी पीटा गुहेत लपलेत, बाहेर मरण आहे आणि सगळा देश टीव्हीवर बघतोय. ती पीटाचं चुंबन घेते आणि थोड्या वेळाने पॅराशूटला बांधलेलं गरम रश्शाचं भांडं खाली येतं. सोबत चिठ्ठी नाही, काही नाही. कॅटनिस स्वतःच हिशेब मांडते, की बाहेर बसलेल्या हेमिचला, म्हणजे तिच्या मार्गदर्शकाला, म्हणायचंय, एका चुंबनाला एक भांडं, आणखी हवं असेल तर प्रेम आणखी दाखव. आपण तिच्या डोक्यात बसलेलो असतो, म्हणून ती नाटक करतेय की तिला खरंच काही वाटतंय हा गोंधळ आपलाही होतो.

२०१२ च्या सिनेमात भांड्याबरोबर चिठ्ठी येते. याला चुंबन म्हणतात का, अशा अर्थाची. प्रेक्षागृहात हशा होतो. काम झालं, पण हिशेब मांडणारी पोरगी गेली.

आता उलटा हिशेबही सांगते, नाहीतर मी पुस्तकवालीच ठरेन. रिंगणातलीच छोटी रू मरते तेव्हा पुस्तकात कॅटनिसला रूच्या जिल्ह्याकडून एक पाव येतो. तिला तेवढंच कळतं, कारण ती रिंगणात अडकली आहे. सिनेमाला तिच्या डोळ्यांपुरतं राहण्याची सक्ती नाही. तो उठतो आणि आपल्याला थेट त्या जिल्ह्यात नेतो, जिथे लोक पेटून उठलेत. पुस्तकाला हे करता आलंच नसतं. 'मी' गमावल्यावर काय कमावता येतं याचं याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही.

'शाळा' वाचू की बघू? दोन्हींत फरक काय?

दोन्ही करा. मराठीत या विषयावर बोलायचं तर सुरुवात इथूनच व्हायला हवी.

मिलिंद बोकील यांची कादंबरी २००४ ची, मौज प्रकाशनाची. सुजय डहाके यांचा सिनेमा २०१२ च्या जानेवारीत थिएटरला लागला. त्याला मराठीतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि रूपांतरित पटकथेसाठी वेगळा. त्याच्याही आधी, २००८ मध्ये, याच कादंबरीवर 'हमने जीना सीख लिया' नावाचा हिंदी सिनेमा येऊन गेला होता. तो कट्ट्यावर कुणालाच माहीत नसतो.

गोष्ट आणीबाणीतल्या नववीच्या वर्गाची. जोशी, सुऱ्या, चित्रे आणि फावड्या हे चौघे, आणि जोशीची 'लाइन' म्हणजे शिरोडकर. पुस्तकाची सगळी जादू जोशीच्या बोलण्यात आहे. मोठी बहीण त्याच्या लेखी अंबाबाई. मुलींना पहिलं नाव नसतंच, नुसतं आडनाव. वाक्यं छोटी, टपोरी आणि आत कुठेतरी भयंकर हळवी. शिरोडकर एकदा दिसावी म्हणून तो पानंच्या पानं खर्ची घालतो आणि वाचणाराही त्याच्याबरोबर रस्त्याच्या कोपऱ्यावर ताटकळतो. पावणेदोन-दोन तासांच्या सिनेमाला असं ताटकळवणं परवडत नाही. तिथे शिरोडकर लवकर दिसते, पुन्हा पुन्हा दिसते, आणि केतकी माटेगावकर दिसली की छान वाटतं यात वाद नाही. पण वाट बघण्याची जी गंमत होती ती पातळ होते.

सिनेमाने आवाजाच्या जागी काय ठेवलं? नजरा. वर्गातल्या मुलांच्या आणि मुलींच्या रांगांच्या मधली ती दीड हाताची जागा. पुस्तकात जोशी बडबड्या आहे, सिनेमातला जोशी बराच गप्प आहे, आणि मला तो गप्पपणा पटला. खूप बडबडणारी मुलं बाहेरून बघितली तर तशीच दिसतात.

खरी गोची आणीबाणीची. पुस्तकात ती मोठ्यांच्या बोलण्यातून, अर्धवट ऐकल्यासारखी येते. जोशीला ती पुरती कळत नाही, म्हणून आपल्याला ती जास्त टोचते. पडद्यावर मात्र आपण प्रेक्षक जोशीच्या पुढे धावतो, त्याच्याआधीच सगळं ओळखतो. आजच्या पोरांची अडचण आणखी वेगळी. 'ताई, आणीबाणी म्हणजे लॉकडाऊनसारखं का?' असं एकाने विचारलं होतं. जून १९७५ ते मार्च १९७७ मध्ये काय झालं हे त्यांना आजी-आजोबांकडून ऐकून यायला सांगते. त्या शनिवारी कट्टा दोन तास लांबतो.

'हंगर गेम्स' ही 'बॅटल रोयाल'ची कॉपी आहे ना?

हा प्रश्न नेहमी एखादा अ‍ॅनिमेवाला मुलगा विचारतो, आणि विचारताना त्याच्या चेहऱ्यावर विजय असतो.

कोशुन ताकामी यांची जपानी कादंबरी १९९९ ची, किंजी फुकासाकू यांचा सिनेमा २००० चा. सरकार एका शाळेचा अख्खा वर्ग, ४२ मुलं, बेटावर नेऊन सोडतं आणि एकमेकांना मारायला लावतं. कॉलिन्स यांच्याकडे बारा जिल्ह्यांतली २४ मुलं. साम्य डोळ्यांत भरतंच. आपली कादंबरी लिहून होईपर्यंत त्या पुस्तकाबद्दल ऐकलंही नव्हतं, असं कॉलिन्स यांनी सांगितलंय. त्यांच्या म्हणण्यानुसार बीज दोन ठिकाणचं. एक, मिनोटॉरला बळी म्हणून पाठवलेल्या मुलांची ग्रीक गोष्ट. दुसरं, रात्री टीव्हीचे चॅनेल बदलताना एकीकडे रिअ‍ॅलिटी शो आणि दुसरीकडे इराक युद्धाची दृश्यं एकमेकांत मिसळल्यासारखी झाली तो क्षण.

बळीचा मुलगा निवडण्याची गोष्ट आपल्याला बकासुरापासून ठाऊक आहे. तेव्हा कॉपीचा मुद्दा सोडा आणि सांगणारा कोण ते बघा. ताकामी एका मुलावरून दुसऱ्यावर उड्या मारतात. ज्याची ओळख आत्ता झाली तो तीन पानांत मरतो, आणि अख्ख्या वर्गाचा हजेरीपट आपल्यासमोर रिकामा होत जातो. कॉलिन्स एकाच मुलीच्या आत थांबतात. त्यामुळे एक गोष्ट वर्गाची होते, दुसरी एका मुलीची. 'बॅटल रोयाल' आम्ही कट्ट्यावर घेत नाही. हिंसा फार आहे आणि हॉल सोसायटीचा आहे.

'डायव्हर्जंट' आणि 'हंगर गेम्स' एकसारख्याच वाटतात. दोन्ही वाचायची गरज आहे का?

नाही. 'हंगर गेम्स' पुरे.

तरी व्हेरॉनिका रॉथ यांच्या 'डायव्हर्जंट' या तीन पुस्तकांच्या मालिकेतली एक गोष्ट फार शिकवून जाते. (इथे शेवट फुटतोय. नको असेल तर पुढच्या प्रश्नावर जा.) पहिली दोन पुस्तकं नायिका ट्रिस एकटी सांगते. तिसऱ्या 'अलिजंट'मध्ये (२०१३) अचानक एक प्रकरण तिचं, एक तिच्या प्रियकराचं, फोरचं, असं सुरू होतं. वाचताना वाटतं, हे कशाला? शेवटाजवळ कळतं. ट्रिस मरते, आणि मेल्यावर 'मी' कोण म्हणणार? सांगणारा दुसरा आधीच बसवून ठेवलेला असतो. चलाख वाचक हे आधीच ओळखतो. आमच्याकडे आठवीतल्या एका मुलीने ओळखलं होतं आणि बाकीच्यांनी तिच्याशी आठवडाभर अबोला धरला.

सिनेमात ते घडलंच नाही. शेवटच्या पुस्तकाचे दोन भाग करायचे ठरले, पहिला २०१६ मध्ये आला, चालला नाही, आणि 'असेंडंट' नावाचा दुसरा बनलाच नाही. पडद्यावरची ट्रिस अजून जिवंत आहे.

शेवटच्या पुस्तकाचे दोन पिक्चर का करतात?

पैशासाठी. 'हॅरी पॉटर'ने केलं (२०१० आणि २०११), मग 'ट्वायलाइट'ने, मग 'हंगर गेम्स'ने. 'पॉटर'मध्ये निदान तेवढा मजकूर होता. 'हंगर गेम्स'च्या शेवटच्या पुस्तकाचे, 'मॉकिंगजे'चे, दोन भाग केल्याचा आपल्याला पश्चात्ताप होतो, असं खुद्द दिग्दर्शक फ्रान्सिस लॉरेन्स २०२३ मध्ये म्हणाले.

पुस्तकात बारा वर्षांचा मुलगा पिक्चरमध्ये सोळाचा का होतो?

कारण सोळाच्या मुलाला प्रेमात पाडता येतं आणि पोस्टरवर लावता येतं. शिवाय बारा वर्षांच्या मुलाला घेऊन चार सिनेमे काढायचे तर तो मधेच ताडमाड वाढतो, ही अडचण खरी आहे.

पर्सी जॅक्सन पहिल्या पुस्तकात बारा वर्षांचा, २०१० च्या सिनेमात चांगला कॉलेजकुमार दिसतो. लेखक रिक रायर्डन या सिनेमांवर नाराज होते आणि ते त्यांनी लपवलं नाही. २०२३ च्या अखेरीस मालिका आली तेव्हा पर्सी पुन्हा बारा वर्षांचा झाला. लोइस लाउरी यांच्या 'द गिव्हर'मध्ये (१९९३) जोनास बाराचा, २०१४ च्या सिनेमात सोळाचा.

'द गिव्हर'मध्ये वयापेक्षाही मोठी गोष्ट हरवली. जोनासच्या जगात रंग नाहीत. पण हे पुस्तक सांगतच नाही! जोनासला रंग माहीतच नाही, तर तो नाही हे त्याला कसं सुचणार? बरीच पानं गेल्यावर एका सफरचंदात क्षणभर 'काहीतरी बदललं' असं त्याला दिसतं, आणि आणखी पुढे आपल्याला उलगडतं की इतका वेळ आपणही आंधळे होतो. सिनेमाला पडद्यावर काहीतरी दाखवावंच लागतं, म्हणून तो पहिल्या दृश्यापासून कृष्णधवल आहे. गुपित तिकीट फाडताच फुटलं. यात दिग्दर्शकाचा दोष नाही. काही गोष्टी फक्त न दाखवताच दाखवता येतात.

आपल्याकडचं उदाहरण 'फास्टर फेणे'. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे फुरसुंगीचा, पुण्याच्या विद्याभवनातला शाळकरी, सायकलवरून उंडारणारा आणि 'ट्टॉक्' करणारा. २०१७ च्या सिनेमात अमेय वाघचा फेणे वैद्यकीय प्रवेश परीक्षेला बसलेला तरुण आहे आणि गुन्हेही मोठ्यांचे आहेत. माझ्या पिढीतल्या लोकांनी नाकं मुरडली. मला तो बदल रास्त वाटला, कारण भागवतांच्या गोष्टी मुळात 'मी'च्या नव्हत्याच. बाहेरून सांगितलेला, पळणारा, धडपडणारा मुलगा कॅमेऱ्याला सोपा जातो. शिवाय दिलीप प्रभावळकरांना खुद्द भागवत म्हणून गोष्टीत आणून बसवलं. लेखकच पात्र झाला, ही युक्ती झकास.

'दिल बेचारा' बघितलाय. आता 'द फॉल्ट इन अवर स्टार्स' वाचायची गरज आहे का?

आहे, आणि २०१४ चा इंग्रजी सिनेमाही बघा. एकाच गोष्टीची तीन रूपं आयती मिळतात.

जॉन ग्रीन यांच्या कादंबरीत (२०१२) कॅन्सर झालेली हेझल एका पुस्तकाच्या नादात आहे. ते पुस्तक वाक्याच्या मधेच संपतं, आणि पुढे काय झालं हे लेखकाला विचारायला ती ऑगस्टससोबत ॲम्स्टरडॅमला जाते. वाक्य मधेच का तुटतं? कारण सांगणारी मुलगी आजारी आहे. पुन्हा 'मी'च. हेझलला ज्याची भीती वाटते ते त्या पुस्तकात छापून आलेलं आहे.

मुकेश छाब्रा यांच्या 'दिल बेचारा'मध्ये (२०२०) गोष्ट जमशेदपूरला येते, हेझलची किझी बासू होते, ॲम्स्टरडॅमचं पॅरिस होतं आणि अर्धवट पुस्तकाचं अर्धवट गाणं होतं. हे शेवटचं रूपांतर मला अस्सल हिंदी सिनेमाचं वाटतं. आपल्याकडे माणसं गाण्याच्या दोन ओळींवर जन्म काढतात, तिथे गाणं अपुरं राहणं जास्त लागतं. पण गाणं अर्धं राहण्यात आळस किंवा रुसवा असू शकतो, वाक्य तुटण्यात मरण आहे. ती धार बोथट झाली.

सुशांतसिंह राजपूत गेल्यानंतर चाळीस दिवसांनी हा सिनेमा थेट ओटीटीवर आला. घरात बसून सगळ्यांनी एकाच रात्री बघितला आणि रडून घेतलं. त्यामुळे याच्याबद्दल थंड डोक्याने बोलणं अजूनही जमत नाही. आम्ही प्रयत्न केला, दोघी उठून बाहेर गेल्या.

'श्यामची आई' किशोर कादंबरीत धरायची का? दोन सिनेमांपैकी कुठला बघू?

धरा. साने गुरुजींनी ती १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिली. मोठा झालेला श्याम आश्रमातल्या मित्रांना एकेका रात्री एकेक आठवण सांगतो, अशी रचना. म्हणजे इथे 'मी' दोन आहेत, सांगणारा मोठा श्याम आणि घडलेला लहान श्याम.

आचार्य अत्र्यांनी १९५३ मध्ये सिनेमा केला आणि त्याला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. त्यात वनमालाबाई आई आणि माधव वझे श्याम. २०२३ मध्ये सुजय डहाके यांनीच पुन्हा केला, तोही कृष्णधवल, आणि त्यात मोठे साने गुरुजी आणि त्यांचा काळही आहे. त्यालाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. रडायचं असेल तर अत्रे. सांगणाऱ्याचं काय झालं हे बघायचं असेल तर डहाके. 'शाळा'चाच दिग्दर्शक दोन्ही वेळा 'मी'शी झटापट करतो, हे मला फार मौजेचं वाटतं.

लेखकानेच पिक्चर केला तर तो चांगला होतो का?

हमी नाही, पण 'द पर्क्स ऑफ बीइंग अ वॉलफ्लॉवर' चांगला आहे. स्टीफन चबॉस्की यांनी १९९९ मध्ये पत्रांमधून कादंबरी लिहिली आणि २०१२ मध्ये स्वतःच दिग्दर्शित केली. 'होल्स'ची पटकथाही लेखक लुई सॅकर यांचीच.

माझी सर्वांत लाडकी गोष्ट मात्र 'द आउटसायडर्स'ची. एस. ई. हिंटन यांनी शाळेत असतानाच ती लिहिली, १९६७ मध्ये छापून आली तेव्हा त्या अठराच्या होत्या. पुढे कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोजवळच्या एका शाळेच्या ग्रंथपाल बाईंनी मुलांच्या सह्यांसकट फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांना पत्र पाठवलं, की याच्यावर सिनेमा करा. त्यांनी केला, १९८३ मध्ये. हे ऐकून आमच्या पोरांनीही एका मराठी दिग्दर्शकाला पत्र लिहिलं. उत्तर आलेलं नाही. पत्रातलं शुद्धलेखन मी तपासायला हवं होतं.

पॉटरच्या पिक्चरमध्ये पीव्हज का नाही?

पीव्हज म्हणजे पुस्तकातल्या शाळेत धुमाकूळ घालणारं खोडकर भूत. त्याचं चित्रीकरण झालं होतं. रिक मेयल यांनी काम केलं, ते कापलं. दर वर्षी कुणीतरी विचारतं आणि दर वर्षी तेवढंच हळहळतं.

माझी मुलगी नववीत आहे. हे सगळं तिच्या वयाला योग्य आहे का? (एक आई)

सिनेमाचं प्रमाणपत्र बघा. २०२४ पासून सेन्सॉर बोर्ड नुसतं 'यूए' लिहीत नाही, ७+, १३+, १६+ असे टप्पे देतं. ओटीटीवरही असेच टप्पे असतात. पुस्तकावर असा शिक्का नसतो. माझा सल्ला एवढाच, की तिच्याआधी नाही तर तिच्यानंतर वाचा. आधी वाचलंत की तपासणी होते, नंतर वाचलंत की गप्पा होतात. 'शाळा' वाचून एका बाबांनी मला फोन केला होता. तक्रार करायला लागले आणि बोलता बोलता स्वतःच्या नववीतल्या 'लाइन'वर आले. पाऊण तास.

इंग्रजी माध्यमातली आहे, मराठी वाचायचा कंटाळा येतो. सुरुवात कुठून करू?

लंपन नावाच्या शाळकरी पोराच्या गोष्टींपासून. प्रकाश नारायण संतांची 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा' आणि 'झुंबर' ही चार पुस्तकं. कादंबरी नाही, कथा आहेत, म्हणून एका लोकल प्रवासात एक बसते. बेळगावकडची बोली पहिल्या दहा पानांत अडखळवते आणि मग सुटत नाही. आमच्याकडे निम्मी पोरं आता प्रत्येक गोष्टीला 'म्याड' म्हणतात. निपुण धर्माधिकारी यांची 'लंपन' ही मालिका २०२४ मध्ये आली. मालिकेला वेळ असतो, घाई नसते, त्यामुळे 'मी'चं रमतगमत बोलणं तिथे सिनेमापेक्षा बरं टिकतं. आधी दोन भाग बघून मग वाचलंत तरी चालेल. हो, पहिल्या उत्तराच्या उलट सांगतेय. कंटाळ्याला नियम नसतात.

मुंबईत ही पुस्तकं स्वस्तात कुठे मिळतील?

इंग्रजी जुनी पुस्तकं माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फूटपाथवर आणि फाउंटनला. मालिकेतला दुसरा भाग मिळतो, पहिला कधीच मिळत नाही, हे गृहीत धरून जा. मराठीसाठी दादर स्टेशनजवळचं आयडियल आणि शिवाजी मंदिरातलं मॅजेस्टिक. विकत घ्यायचं नसेल तर दादर पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९८ पासूनचं. पीडीएफ मागू नका. मी देत नाही.

फक्त पिक्चर बघून कट्ट्यावर आलं तर चालतं का?

चालतं, पण पहिला अर्धा तास बोलायचं नाही, ऐकायचं. गेल्या पावसाळ्यात एक मुलगा 'शाळा' नुसती बघून आला होता. लोकल बंद, तो भिजून चिंब, अर्धा तास कोपऱ्यात गप्प बसला. मग म्हणाला, 'ताई, तुम्ही सगळे ज्या जोशीबद्दल बोलताय तो पिक्चरमध्ये कुठे होता?' त्याला माझी प्रत दिली. ती अजून परत आलेली नाही.